जुने व्हिडिओ गेम कन्सोल घेताना नाव नव्हे, नंबर वाचा

कापडाच्या धंद्यात नवशिक्याला पहिला धडा दिला जातो तो असा की, ताक्यावरचा छाप पाहून भाव देऊ नये. एकाच नावाने आणि एकाच छापाने येणाऱ्या मालात कधी पिक कमी केलेला असतो, कधी सूत बदललेले असते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ताके सारखेच दिसतात. फरक कळतो तो कापड उजेडात धरल्यावर आणि भिंग लावून धागे मोजल्यावर.

हाच धडा आज अशा एका मालाला तंतोतंत लागू पडतो की, ज्याचा आमच्या पिढीच्या व्यापाऱ्यांशी वरवर काहीच संबंध दिसत नाही. तो माल म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम मशीन, ज्याला कन्सोल म्हणतात. मोबाईल दुरुस्ती, इलेक्ट्रॉनिक्स आणि जुन्या सामानाची दुकाने चालवणाऱ्या तरुणांच्या काउंटरवर हा माल येतो आणि तिथूनच विकला जातो. त्यातही एका जातीच्या कन्सोलला जादा भाव मिळतो. स्वतःच्या पिढीचे गेम चालवून शिवाय मागच्या पिढीचे गेमही जो चालवतो, तो हा कन्सोल. जादा भाव नेमका याच गुणाचा मिळतो आणि फसगतही नेमकी याच गुणात होते. म्हणून हा विषय धंद्याच्या नजरेने नीट समजून घेणे जरूर आहे.

मागणी कुठून येते

सोनी कंपनीचे पहिले प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानात विक्रीला आले. दुसरे, म्हणजे प्लेस्टेशन-२, मार्च २००० मध्ये आले. पहिल्याचे जगभरात १० कोटींहून अधिक नग खपले आणि दुसऱ्याचे १५ कोटी ५० लाखांहून अधिक. एवढ्या मशीनांच्या डिस्क किती असतील याचा अंदाज आपण करू शकता. त्या अजून घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत. ज्यांनी त्या लहानपणी खेळल्या ते आज तीस-चाळीस वर्षांचे कमावते लोक आहेत. त्यांना तेच गेम पुन्हा खेळायचे असतात किंवा आपल्या मुलांना दाखवायचे असतात. काही कुटुंबांना नवे कन्सोल परवडत नाही. काही घरांत मुलाच्या हाती इंटरनेट द्यायचे नसते, आणि हे जुने गेम इंटरनेटशिवाय चालतात.

पुरवठा मात्र वाढणारा नाही. प्लेस्टेशन-२ चे उत्पादन जानेवारी २०१३ पर्यंत बंद झाले. प्लेस्टेशन-३ चे जपानातील उत्पादन २०१७ मध्ये थांबले. म्हणजे यापुढे जो नग हाती येईल तो वापरलेलाच असणार, आणि दुरुस्तीचे बरेचसे सुटे भाग दुसऱ्या बंद पडलेल्या मशीनमधूनच काढावे लागणार. अशा मालात भांडवल घालताना एक नग चुकला तर तो कंपनीला परत करता येत नाही. तो दुकानातच पडून राहतो.

जुना गेम नव्या मशीनमध्ये चालतो तो तीन रीतींनी

प्रत्येक पिढीचा कन्सोल आतून वेगळा असतो. त्याच्या चिप वेगळ्या आणि त्यांची भाषाही वेगळी. म्हणून मागच्या पिढीची डिस्क पुढच्या पिढीच्या मशीनमध्ये आपोआप चालत नाही. ती चालावी म्हणून कंपनीला मुद्दाम सोय करावी लागते. ही सोय तीन रीतींनी केली जाते.

पहिली रीत म्हणजे जुन्या मशीनच्या चिप नव्या मशीनमध्ये बसवणे. इथे मशीनच्या पोटात जणू दुसरे मशीन असते. जुना गेम त्याला आपल्याच घरी आल्यासारखा चालतो. ही सर्वांत खात्रीची रीत, पण कंपनीला सर्वांत महाग पडणारी.

दुसरी रीत नकलेची. जुन्या चिप नसतात. नव्या चिपवर एक प्रोग्राम जुन्या चिपचे सोंग घेतो. नक्कल चांगली असेल तर फरक जाणवत नाही. ती अपुरी असेल तर काही गेम चालतात, काहींचा आवाज तुटतो आणि काही मध्येच अडकतात.

तिसरी रीत अलीकडची. यात डिस्क ही केवळ पावतीसारखी असते. मशीन डिस्क ओळखते आणि मग तो गेम इंटरनेटवरून नव्याने उतरवून घेते. म्हणजे डिस्क हातात असली तरी माल कंपनीच्या गोदामातूनच येतो. कंपनीच्या यादीत तो गेम नसेल तर डिस्कचा उपयोग नाही. इंटरनेट नसेल तर पहिल्या वेळी तो उतरणारच नाही.

ही तीन रीतींची वाटणी डोक्यात पक्की बसली की पुढचे सारे सोपे होते. विकणाऱ्याने “जुने गेम चालतात” असे म्हटले की आपण लगेच विचारावे: कोणत्या रीतीने?

प्लेस्टेशन-२: सर्वांत सरळ सौदा

प्लेस्टेशन-२ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालतात. आरंभीच्या नगांमध्ये पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य चिपच बसवलेली होती. प्लेस्टेशन-२ चे गेम चालताना तीच चिप कंट्रोलर व इतर जोडण्यांची कामे करी. पुढे २००५ च्या सुमारास ७५००० क्रमांकाच्या मॉडेलपासून कंपनीने ती चिप काढून तिच्या जागी दुसरी, तिची नक्कल करणारी चिप बसवली. बहुतेक गेम त्यावरही चालतात, पण काही मोजके गेम अडतात. म्हणून ग्राहकाला मुख्यतः पहिल्या पिढीच्या डिस्क चालवायच्या असतील, तर ७५००० च्या आधीचा नग अधिक बरा.

मॉडेलचा क्रमांक मशीनच्या मागे किंवा तळाशी लिहिलेला असतो. एस-सी-पी-एच या चार अक्षरांनंतर पाच आकडे येतात. ३००००, ३९००० आणि ५०००० हे मोठ्या, जाड मशीनचे क्रमांक. ७०००० पासून पुढे २००४ मध्ये आलेली पातळ मशिने.

इथे एक गोष्ट विसरू नये. पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमची खूण, म्हणजे खेळ कुठवर आला याची नोंद, प्लेस्टेशन-२ च्या ८ एमबी कार्डावर साठवून खेळता येत नाही. त्यासाठी पहिल्या पिढीचेच मेमरी कार्ड लागते. सौद्यात ते कार्ड आहे की नाही हे आधी पाहावे. ग्राहक घरी जाऊन दोन तास खेळेल आणि नोंद साठणार नाही तेव्हा तो आपल्याच दुकानात परत येईल.

प्लेस्टेशन-३: एक नाव, तीन प्रकारचा माल

खरी परीक्षा इथे आहे. प्लेस्टेशन-३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान व अमेरिकेत आले. अमेरिकेत ६० जीबीच्या नगाची किंमत ५९९ डॉलर होती आणि २० जीबीच्या नगाची ४९९ डॉलर. या पहिल्या नगांत प्लेस्टेशन-२ च्या दोन्ही मुख्य चिप होत्या. म्हणजे रीत पहिली आणि काम खात्रीचे.

पण एवढा महाग माल खपवणे कठीण होते. कंपनीने खर्च छाटायला सुरुवात केली. मार्च २००७ मध्ये युरोपात जो ६० जीबीचा नग आला त्यातून एक मुख्य चिप काढलेली होती आणि तिचे काम नकलेवर सोपवलेले होते. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या ८० जीबीच्या नगातही तेच केले. पुढे २००७ च्या अखेरीस ४० जीबीचा नग अमेरिकेत ३९९ डॉलरला आला. त्यात प्लेस्टेशन-२ ची सोय पूर्णच काढून टाकलेली होती आणि ती नंतरच्या कोणत्याही नगात परत आली नाही. बाहेरचे नाव तेच आणि रूपही जवळजवळ तेच राहिले. पिक कमी करून कापड स्वस्त करावे तसा हा प्रकार. त्यात गैर काही नव्हते, कारण भावही कमी केला होता. गैर तेव्हा होते जेव्हा हा माल पुढे तिसऱ्या-चौथ्या हाती जाताना पहिल्या मालाच्या भावाने विकला जातो.

म्हणून मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक वाचावा. सी-ई-सी-एच या चार अक्षरांनंतर जे पाचवे अक्षर येते तेच सारे सांगते.

पाचवे अक्षर ए किंवा बी असेल, तर दोन्ही चिप आहेत आणि प्लेस्टेशन-२ चे गेम उत्तम चालतात.

सी किंवा ई असेल, तर अर्धी सोय आहे. पुष्कळ गेम चालतात, पण सगळे नाहीत.

जी, एच, जे, के, एल, एम, पी यांपैकी काही असेल, तर प्लेस्टेशन-२ ची डिस्क चालणार नाही. सप्टेंबर २००९ पासून आलेल्या पातळ नगांत सी-ई-सी-एच नंतर सरळ आकडे येतात. त्यांतही ती चालत नाही.

पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र प्लेस्टेशन-३ च्या सर्व मॉडेलांत चालतात. इथेच गोंधळ होतो. विकणारा पहिल्या पिढीची डिस्क घालून दाखवतो आणि म्हणतो, “पाहा, जुने गेम चालतात.” तो खोटे बोलत नसतो, पण आपण ज्या गुणाचे पैसे देत आहोत तो गुण त्याने दाखवलेला नसतो.

दुसरा गोंधळ जीबीचा. “८० जीबीचे घ्या, त्यात चालतात” असे बाजारात सांगितले जाते. ई अक्षराचा नगही ८० जीबीचा आणि के व एल अक्षरांचे नगही ८० जीबीचे. पहिल्यात प्लेस्टेशन-२ चे बरेच गेम चालतात, दुसऱ्यांत एकही नाही. शिवाय या मशीनची हार्ड डिस्क एक स्क्रू काढून कुणालाही बदलता येते. म्हणून जीबी ही ओळख धरूच नये.

तिसरी काळजी अशी की, क्रमांकाची चिठ्ठी बाहेरच्या खोक्यावर असते आणि खोके बदलता येते. यावर साधी पडताळणी आहे. ए, बी, सी आणि ई या चारही मॉडेलांत समोर चार यूएसबी खाचा असतात. नंतरच्या मॉडेलांत दोनच. चिठ्ठी आणि खाचा यांचा मेळ बसला नाही तर सौदा तिथेच थांबवावा. मेळ बसला तरी शेवटचा निवाडा प्लेस्टेशन-२ ची अस्सल डिस्क घालूनच करावा.

सर्वांत महाग नग आपल्या ग्राहकाला निरुपयोगी का ठरतो

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो जाणकार दुकानदारांच्याही नजरेतून सुटतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्लेस्टेशनच्या डिस्कवर कंपनीने प्रांताचे कुलूप घातलेले आहे. जगाचे तीन मुख्य प्रांत केलेले होते. एक जपान व त्याच्या गटातील आशियाई देश, दुसरा अमेरिका, आणि तिसरा युरोपचा, ज्याला पाल म्हणतात. भारतात अधिकृतपणे विकला गेलेला प्लेस्टेशन-२ चा माल पाल प्रांताचा होता. पाल डिस्क अमेरिकेच्या मशीनमध्ये चालत नाही आणि अमेरिकेची डिस्क पाल मशीनमध्ये चालत नाही.

प्लेस्टेशन-३ च्या स्वतःच्या गेमना असे कुलूप जवळजवळ नाही. त्यामुळे लोकांना वाटते की या मशीनला प्रांताची अडचणच नाही. पण त्याच मशीनमध्ये जुन्या पिढीची डिस्क घातली की कुलूप पुन्हा लागू होते.

याचा परिणाम पाहा. दोन्ही चिपांचा ए अक्षराचा जो नामांकित नग आहे, तो जपान, अमेरिका आणि आशियाई गटासाठी निघाला. युरोपच्या प्रांतात जो पहिला नग आला तो सी अक्षराचा, म्हणजे अर्ध्या सोयीचा. तेव्हा समजा, एखाद्या ग्राहकाकडे इथेच घेतलेल्या प्लेस्टेशन-२ च्या तीस पाल डिस्क आहेत. दुकानदाराने त्याला अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणलेला ए अक्षराचा नग चढ्या भावाने विकला. मशीन चांगले आहे, क्रमांक खरा आहे, चिपही दोन्ही आहेत, आणि तरीही तीसपैकी एकही डिस्क चालणार नाही. या ग्राहकासाठी योग्य माल कोणता? पाल प्रांताचे साधे प्लेस्टेशन-२. ते कमी किमतीचे आहे, त्याच्या सगळ्या डिस्क त्यात चालतील, आणि पहिल्या पिढीच्या पाल डिस्कही चालतील.

म्हणजे मशीन विकण्यापूर्वी ग्राहकाच्या डिस्क पाहाव्यात. शिंपी आधी माप घेतो आणि मग कापड फाडतो. डिस्कवर आणि तिच्या डबीवर एक कोड छापलेला असतो. कोडाच्या आरंभी एस-एल-ई-एस किंवा एस-सी-ई-एस अशी अक्षरे असली तर ती पाल प्रांताची. एस-एल-यू-एस किंवा एस-सी-यू-एस असली तर अमेरिकेची. एस-एल-पी-एस, एस-एल-पी-एम किंवा एस-सी-पी-एस असली तर जपानची. मशीनचा प्रांत मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून कळतो. प्लेस्टेशन-३ मध्ये ०० म्हणजे जपान, ०१ म्हणजे अमेरिका, ०३ म्हणजे ब्रिटन आणि ०४ म्हणजे युरोप. कोकणातल्या गावांत सौदी, कुवेत, दुबईहून आलेले सामान पुष्कळ असते. तिथेही “गल्फचा माल आहे” एवढ्यावर न थांबता क्रमांक वाचावा.

प्रांताबरोबर विजेचाही प्रश्न येतो. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. अमेरिकेतून आलेल्या जुन्या मशीनवर किंवा त्याच्या अडॅप्टरवर १२० व्होल्ट लिहिलेले असेल तर ते सरळ आपल्या बोर्डात लावू नये. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि त्याचा खर्च सौद्यात धरावा लागेल. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर अडचण नाही.

दुसऱ्या कंपन्यांचा माल

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स-३६० हा २००५ चा माल. तो पहिल्या एक्सबॉक्सचे गेम नकलेच्या रीतीने चालवतो, पण सर्व नव्हे, ठरावीक यादीतलेच. ती यादी २००७ नंतर वाढली नाही. आणखी एक अट आहे. नक्कल करणारा प्रोग्राम कंपनीच्या हार्ड डिस्कवर राहतो. हार्ड डिस्क नसलेला स्वस्त नग घेतला तर पहिल्या एक्सबॉक्सचा एकही गेम चालणार नाही.

२०१३ च्या एक्सबॉक्स-वन मध्ये ३६० चे गेम चालवण्याची सोय नोव्हेंबर २०१५ मध्ये आली आणि पहिल्या एक्सबॉक्सची २०१७ मध्ये. दोन्ही तिसऱ्या रीतीच्या. डिस्क पावती, माल इंटरनेटवरून. २०२० चा सिरीज-एक्स याच पद्धतीने चालतो. त्याच वर्षीच्या सिरीज-एस मध्ये डिस्क घालायची जागाच नाही. ज्याच्याकडे जुन्या डिस्क आहेत त्याला सिरीज-एस देणे म्हणजे रिकामी डबी देणे होय.

निन्टेन्डोचा वी हा २००६ चा कन्सोल. त्याच्या पहिल्या मॉडेलात मागच्या पिढीच्या गेमक्यूबचे गेम उत्तम चालतात. ओळख सोपी आहे. वरचे झाकण उघडल्यावर आत चार कंट्रोलरच्या गोल खाचा आणि दोन मेमरी कार्डांच्या जागा दिसतात. २०११ मध्ये आलेल्या मॉडेलात त्या काढून टाकल्या आणि सोयही गेली. गेमक्यूबचे गेम वीच्या रिमोटने खेळता येत नाहीत. गेमक्यूबचा कंट्रोलर आणि त्याचेच मेमरी कार्ड लागते.

हातात धरून खेळायच्या निन्टेन्डो डीएस आणि डीएस लाइट यांत गेमबॉय अ‍ॅडव्हान्सची पट्टी बसते. त्यानंतरच्या डीएसआय मध्ये ती खाच नाही.

आणि ज्यांना वाटते की जेवढे नवे तेवढे जास्त चालणारे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे: प्लेस्टेशन-४ मध्ये पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्लेस्टेशनची एकही डिस्क चालत नाही. प्लेस्टेशन-५ मध्ये चारच्या डिस्क चालतात, त्याआधीच्या नाहीत. चारच्या डिस्क चालण्यासाठीही डिस्कचे खाते असलेला नग हवा.

काउंटरवरची तपासणी

मशीन चालू होऊन पडद्यावर चित्र आले म्हणजे तपासणी झाली असे नव्हे. दुकानात तीन-चार अस्सल डिस्क कायम ठेवाव्यात. त्यांत एक पहिल्या पिढीची सीडी, एक प्लेस्टेशन-२ ची निळसर सीडी आणि एक चंदेरी डीव्हीडी असावी. प्लेस्टेशन-२ ची लेन्स झिजली की कधी ती सीडी वाचते आणि डीव्हीडी वाचत नाही, कधी त्याच्या उलट. एकाच जातीची डिस्क घालून पाहणाऱ्याला हा दोष सापडत नाही.

अस्सल डिस्क ओळखायची खूणही इथे सांगतो. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल सीडीची खालची बाजू काळी असते. प्लेस्टेशन-२ च्या सीडीवरील गेमची खालची बाजू निळी-जांभळी असते.

प्लेस्टेशन-३ किमान एक तास चालवून पाहावे. सुरुवातीचे नग, म्हणजे नेमके तेच जे प्लेस्टेशन-२ चे गेम चालवतात, फार तापत. त्यांतील पुष्कळ मशिने पिवळा दिवा दाखवून बंद पडली आहेत. अशा मशीनला गरम हवेची गन मारून तात्पुरते जिवंत करता येते. ते काही दिवस, कधी काही आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला हे चांगले ठाऊक असते. म्हणून विकणाऱ्याला थेट विचारावे की मशीन पूर्वी उघडले होते काय, आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. एक्सबॉक्स-३६० च्या सुरुवातीच्या नगांत तीन लाल दिव्यांचा दोष असाच प्रसिद्ध होता. तो इतका पसरला की कंपनीने जुलै २००७ मध्ये त्या दोषापुरती हमी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

डिस्कचे खाते बिघडलेले मशीन स्वस्तात मिळते तेव्हा कारागीर म्हणतो, “दुसरे खाते बसवू.” प्लेस्टेशन-३ आणि एक्सबॉक्स-३६० मध्ये हे खाते मुख्य बोर्डाशी जोडी लावलेले असते. दुसऱ्या मशीनचे खाते आहे तसे बसवले तर गेम चालत नाहीत. लेन्स बदलता येते, किंवा जुन्या खात्यातील मूळ छोटा बोर्ड नव्या खात्यात घालावा लागतो. हे काम येणारा हात जवळ असेल तरच असा नग घ्यावा.

शेवटी टीव्हीचा मुद्दा. प्लेस्टेशन-२ ला पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची तार लागते. अनेक नव्या टीव्हींना त्या खाचाच नसतात. ग्राहकाचा टीव्ही कोणता हे विचारावे आणि गरज असेल तर जोडणीचा कन्व्हर्टर सोबत द्यावा. त्यात दुकानालाही दोन पैसे सुटतात.

कागद, कर आणि कायदा

जुना माल घेताना विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्राची प्रत, मशीनचा अनुक्रमांक आणि सही घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. आपल्याला ठाऊक नव्हते हे दाखवायला कागदच उपयोगी पडतो.

जीएसटीत नोंदलेल्या व्यापाऱ्याला जुन्या मालासाठी एक सवलत आहे. नियम ३२ च्या उपनियम ५ प्रमाणे, खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसेल तर कर पूर्ण विक्री किमतीवर नव्हे, खरेदी व विक्री यांतील फरकावर आकारला जातो. समजा, ८,००० रुपयांना घेतलेला नग १०,००० ला विकला, तर कर २,००० वर. पण खरेदीचा पुरावा नसेल तर हा फरक सिद्ध कसा करणार? तपशील आपल्या कर सल्लागाराकडून समजून घ्यावा.

चिप बसवलेल्या मशीनपासून आणि नकली डिस्कपासून दूर राहावे. “यात सगळे चालते” हे वाक्य बहुधा अशाच मशीनबद्दल बोलले जाते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ खाली जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शे-दोनशे रुपयांच्या डिस्कसाठी दुकानाला कुलूप लागावे असा हा सौदा नाही.

पावतीवर काय लिहावे

व्यापारी बंधूंनो, या धंद्यात ग्राहक आणि दुकानदार यांच्या ज्ञानात मोठे अंतर असते. ग्राहक फक्त नाव ओळखतो. क्रमांक, चिप, प्रांत त्याला ठाऊक नसतात. ऐब सांगून माल विकणे ही आपल्या व्यवहाराची जुनी शर्त आहे. इथे तर मशीन निर्दोष असूनही ते त्या ग्राहकाच्या कामाचे नसू शकते, आणि तेही सांगायला हवे. जो दुकानदार हे लिहून देतो त्याच्याकडे माणूस दुसऱ्यांदा येतो आणि आपल्या मित्रालाही पाठवतो.

पावती अशी असावी: “प्लेस्टेशन-३, वापरलेले. मॉडेल सी-ई-सी-एच-सी-०४, अनुक्रमांक अमुक. पहिल्या व दुसऱ्या प्लेस्टेशनच्या फक्त पाल डिस्क चालतात. दुसऱ्याचे सर्व गेम चालतीलच असे नाही. ग्राहकाच्या पाच डिस्क लावून दाखवल्या, चार चालल्या, एक चालली नाही. मशीन पूर्वी उघडलेले आहे, लेन्स बदललेली आहे. सात दिवसांत बंद पडल्यास परत.” खाली दोघांच्या सह्या.

एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात. घेताना हेच पाच मिनिटे विकणाऱ्याकडून लिहून घेतले, तर चुकीचा नग दुकानात शिरणारच नाही.